मिलमधली मारबत

करडी,
मंगळवार, ९ सप्टेंबर २०२५

प्रिय परिमल,

सप्रेम नमस्कार. आपल्यात नमस्कार-चमत्कार कधी झाले नाहीत, 'काय बे' म्हटलं की काम भागायचं. पण तू माझा नंबर ब्लॉक केलास. मग काय करणार, मोहाडीच्या पोस्टातून पाकीट आणलं. शाळा सुटल्यानंतरचं हे माझं पहिलंच पत्र, तेव्हा अक्षराला हसू नको.

इकडे सगळं ठीक. धान बरा आहे, बांध्यांत पाणी टिकून आहे. आई विचारत होती, "तो मच्छीवाला पोट्टा काहून नाई आला रे यंदा पोळ्याले?" मी म्हटलं ड्युटी आहे. तुझ्या वहिनीने, रुपाने, तुझ्या मुलीसाठी तिच्या हातचे अनारसे बाजूला काढले होते, ते शेवटी आम्हीच खाल्ले. मिलमध्ये धान सुकवायचा दोन नंबरचा ड्रायर पुन्हा आवाज करतो आहे. तुझ्या जागी जो बदली मिस्त्री आणलाय तो पान्याऐवजी हातोडाच काढतो. मधुकरराव मॅनेजर दिवसातून तीनदा तरी म्हणतात, "परिमल असता त् कान लावूनच सांगतला असता." मशीनसुद्धा तुझी वाट पाहते रे.

आता मुद्द्यावर येतो.

चौकशी सोमवारी बावीस तारखेला ठेवली आहे. तोवर तुला घरी बसवलं, हे मलाही पटलं नाही. तक्रार तू केलीस आणि घरी पण तूच बसलास. पण मधुकरराव म्हणतात तक्रार मागे घेतलीस तर दुसऱ्या दिवशी कामावर ये, कोणी काही विचारणार नाही. नाही घेतलीस तर दोघांपैकी एक जाणार. एक म्हणजे तू किंवा मी. तू अर्जात माझं नाव लिहिलंस, दुसऱ्या कोणाचं नाही. अकरा वर्षं एका डब्यात जेवलो आपण.

अकरा वर्षं मी तुला बांगलादेशी म्हणतो आणि तू मला तितिर म्हणतोस. तितिरमारे आडनावावरून 'आज किती तितिर पक्षी मारले' म्हणत तू किती वेळा माझी उडवलीस, मी गेलो का कधी अर्ज घेऊन? तुझ्या आजोबांना सरकारने अर्जुनीकडच्या बंगाली कॅम्पात जमीन दिली, तू तिथेच जन्मलास, साकोलीला आयटीआय केलंस, हे मला ठाऊक नाही का? झाडीबोली तू माझ्यापेक्षा चांगली बोलतोस. ठाऊक आहे म्हणूनच म्हणतो ना. खऱ्या बांगलादेशीला कोण बांगलादेशी म्हणेल?

आणि मारबतीचं म्हणशील, तर ती प्रथा मिलमध्ये मीच आणली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावोगाव रोगराई शिवेबाहेर काढतात, आपल्या शिफ्टवाल्यांना गावी जाता येत नाही, म्हणून पोत्यात तणस भरून मारबत करायची, पळसाची फांदी खोचायची आणि फाटकाबाहेरच्या नाल्यात टाकून यायची. उंदीर घेऊन जा गे मारबत, घुशी घेऊन जा गे मारबत, ओला धान घेऊन जा गे मारबत. मग मधुकररावांचा बीपी. मग सरिताचा वजनकाटा, जो तिच्याशिवाय कोणाचं ऐकत नाही. सगळ्यांची नावं घेतली. तुझंही घेतलं. "आमचा बांगलादेशी घेऊन जा गे मारबत!" मारबतीचा बांबू तुझ्याच खांद्यावर होता आणि तू हसत होतास. व्हिडिओत स्पष्ट दिसतं.

तो व्हिडिओ कोणी बाहेर टाकला देव जाणे. चार-पाच जणांचे फोन वर होते. पुढे तो कुठे कुठे फिरला, त्याच्यावर कोणी 'मिलमध्ये बांगलादेशी लपवलेत' असं लिहिलं आणि पोलीस आले, यात मिलच्या माणसांचा काय दोष? तुला दिवसभर बसवून ठेवलं, वडिलांचे कागद मागितले, हे ऐकून मला वाईटच वाटलं. मस्करीची कुस्करी झाली म्हणायची आणि सोडून द्यायची.

पोरांनी एक निवेदन दिलंय म्हणे मधुकररावांकडे. अकरा सह्या आहेत. सरिताने केली नाही, तिचा स्वभाव तुला माहीत आहे. मी त्यात पडलो नाही. पण ते निवेदन चौकशीत गेलं तर तुला जड जाईल, म्हणून मित्र म्हणून सांगतो. दोन ओळी लिही, 'गैरसमजातून तक्रार केली', आणि विषय मिटव. माझ्या घरात पाच माणसं खाणारी आहेत, तुझ्याही आहेत.

तुझ्या मा ला नमस्कार सांग. तिच्या हातचा सरसूच्या तेलातला मच्छी-भात अजून तोंडात आहे.

तुझाच,
वीरू

ता. क. – उत्तर दे. शिव्या दिल्यास तरी चालेल.


करडी,
मंगळवार, २३ सप्टेंबर २०२५

परिमल,

तुझं उत्तर गेल्या आठवड्यातच मिळालं. त्यात शिव्या असत्या तर बरं झालं असतं. एवढ्या मोठ्या कागदावर तू दोनच ओळी लिहिल्यास: "मी हासलो, खरं आहे. पन नाई हासलो असतो त् तुमी मले काय म्हनले असते?"

मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा राग आला. रुपाला वाचून दाखवलं आणि म्हटलं, पाहा, कसा वाकड्यात शिरतो. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मंग सांगा ना जी, काय म्हनले असते?" उत्तर ठाऊक होतं. आम्ही म्हटलं असतं, पाहा, याला झोंबलं, म्हणजे काहीतरी असेल.

मग मी परवा, रविवारी, तुझ्या घरी गेलो होतो. मा ने सांगितलं असेलच. साकोलीहून अर्जुनीची एसटी धरली आणि रस्ताभर ठरवत गेलो की परिमलला कसं पटवायचं. होय, पटवायलाच आलो होतो, माफी मागायला नाही. खोटं कशाला सांगू. पण तू तालुक्याच्या गावी कोणाला तरी भेटायला गेला होतास आणि घरी मा एकटीच होती.

तिने मला लगेच ओळखलं. "बीरू आया," म्हणाली. पाणी दिलं. मी खाली सतरंजीवर बसलो आणि ड्रायरचं, पावसाचं काहीबाही बोलायला लागलो. ती मधेच उठली. आतून लोखंडी पेटी ओढत आणली आणि माझ्यासमोर उघडली. मी म्हटलं, "मा, ये क्या कर रही हो?" तिने ऐकलं नाही. एकेक कागद प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून माझ्या मांडीवर ठेवायला लागली. कॅम्पचं कार्ड, कडा झडलेल्या. जमिनीचा पट्टा. तुझ्या वडिलांचा शाळेचा दाखला. तुझा जन्मदाखला. रेशनकार्ड, जुनं आणि नवं. "देख ले बाबा. सब असली है. तू पढ़ा-लिखा है, देख ले."

पोलिसांना दाखवले ते कागद तिने मला दाखवले, परिमल. मला, ज्याने तिच्या चुलीपुढे बसून दोनदा भात मागून घेतला, त्याला. आणि मी काय केलं? मी ते वाचले. एकेक कागद हातात धरून वाचला, कारण ती माझ्या तोंडाकडे पाहत होती आणि न वाचता परत देण्याची माझी हिंमत झाली नाही. शेवटचा कागद संपला तेव्हा तिने विचारलं, "अब तो ठीक है ना?"

मी म्हटलं, "हां मा, ठीक है."

कोण मी ठीक म्हणणारा? तिने कागद पुन्हा पिशवीत घातले, पेटीला कुलूप लावलं आणि जेवून जा म्हणाली. मी बसचं निमित्त सांगून पळालो. बस दीड तासाने होती. स्टँडवर बसून राहिलो आणि मला स्वतःची लाज वाटली. अशी लाज मला आजपर्यंत कधी वाटली नव्हती.

घरी आल्यावर आईला विचारलं, आपल्या बाबांचा जन्माचा काही कागद आहे का? ती म्हणाली, "कायचा कागद? करडीले जनमले तुहे बाबा, आनखी कुठी जनमनार? साऱ्या गावाले माईत आहे." भय्याजी तितिरमारे हा माणूस शाळेत गेला नाही, त्याचा दाखला नाही, शेताचा सातबारा आहे तोही माझ्या नावावर झाला तेव्हापासूनचा. फडताळ, पेटी, देवघरामागचा डबा, सगळं पाहिलं. माझ्या बापाचा एकही कागद माझ्या घरात नाही. तुझ्याकडे पेटीभर आहेत. तरी पोलीस तुझ्याकडे आले. मला तू अकरा वर्षं तितिर म्हणालास, म्हणून वनखातं कधी माझ्या दारी आलं नाही. तुझी मस्करी आणि माझी मस्करी एकाच मापाची आहे असं मी मागच्या पत्रात लिहिलं होतं. ते चूक होतं.

आता जे लिहायचं टाळत होतो ते लिहितो.

व्हिडिओत तू दिसतोस, बांबू धरलेला. मागे बॉयलरवाले दिसतात, सरिता दिसते. मी दिसत नाही. कारण फोन माझ्या हातात होता. ओरडत पण मीच होतो आणि शूटिंग पण मीच करत होतो. तो व्हिडिओ करडीच्या ग्रुपवर मीच टाकला आणि खाली लिहिलं, 'आमच्या मिलचा बांगलादेशी'. तू त्या ग्रुपवर नाहीस, म्हणून टाकला. पस्तीस जणांनी हसण्याची चित्रं पाठवली. मी ती मोजली होती. पोलीस आल्यावर मी तो ग्रुपमधून काढून टाकला, तोवर तो दुसरीकडे गेला होता.

आणि निवेदन. 'घोषणा गर्दीतून आली, कोणी दिली सांगता येत नाही. परिमल हालदार स्वतःच गमतीने स्वतःला बांगलादेशी म्हणवून घेत असत.' हे पोरांनी लिहिलेलं नाही. मधुकरराव म्हणाले आणि मी लिहिलं. पहिली सही माझी आहे. सरिता वाचून म्हणाली, "मी नाई करत सही. आमच्या लोकायलेबी अशाच मस्कऱ्या केल्या न तुमी, आन् आमीबी हासतच होतो." कागद माझ्या हातात परत देऊन ती काट्यावर निघून गेली. मी तिला त्या दिवशी अडेलतट्टू म्हटलं.

काल तुला चौकशीत अकराला बोलावलं आणि मला तीनला. तू काय सांगितलंस मला कळलं नाही. मला त्यांनी निवेदन वाचून दाखवलं आणि मधुकरराव म्हणाले, "वीरेंद्र, फक्त हो म्हन, अन् चहा पी." मी नाही म्हटलं. घोषणा माझी होती म्हटलं, व्हिडिओ माझा होता म्हटलं. मग मालकांच्या बाजूचे जे साहेब होते त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, तुम्ही आज टेन्शनमध्ये आहात, आम्ही हे लिहून घेत नाही, गुरुवारी विचार करून या.

बाहेर आल्यावर मधुकररावांनी मला वजनकाट्यामागे नेलं. "तुले समजते का काय करून राहिला? तो त् जाईनच, तूबी जाशीन. दोघंबी गेले त् काय मिळन कोनाले?" घरी रुपाने इतकंच म्हटलं, "खरं सांगा जी. पन सांगाचंच होतं त् आधी सांगाचं होतं." बॉयलरवाल्यांनी आज सकाळी माझ्यासोबत डबा उघडला नाही.

गुरुवारला अजून दोन दिवस आहेत आणि मी स्वतःला ओळखतो. मी भित्रा आहे. दोन दिवसांत मला घरातली पाच माणसं दिसतील, धानाच्या खताचा खर्च दिसेल, आणि गुरुवारी मी 'हो' म्हणून चहा पिऊन येईन. मला माझा भरवसा नाही. म्हणून त्यांनी जे लिहून घेतलं नाही, ते मी खाली लिहून तुझ्याकडे पाठवतो. सरिताने साक्षीदार म्हणून सही केली आहे. तिने फक्त पेन मागितलं. उद्या तिचा भाऊ अर्जुनीकडे जातोय, तोच हे तुझ्या हाती देईल. गुरुवारी तू हा कागद घेऊन ये आणि माझ्यासमोर टेबलावर ठेव. मी तिथे असलो काय, नसलो काय, फिरलो काय, सही माझी आहे.

माफ कर असं लिहिणार नाही. ते मागायला मी मा कडे येईन, आणि यावेळी पेटी उघडू देणार नाही.

मी, वीरेंद्र भय्याजी तितिरमारे, शिफ्ट इन्चार्ज, लिहून देतो की दि. २३ ऑगस्ट २०२५ रोजी मिलच्या फाटकावर 'बांगलादेशी' ही घोषणा मी दिली. चित्रण मी केले. ते मी पसरवले. श्री. परिमल हालदार यांनी स्वतःला तसे कधीही म्हणवून घेतले नाही. अकरा जणांच्या सहीचे निवेदन खोटे असून ते मी लिहिले आहे.

जन्मस्थान करडी, तालुका मोहाडी, जिल्हा भंडारा.
पुरावा: नाही. मला कोणी मागितला नाही.

वीरेंद्र