यंदाच्या मसाल्यातला माझा वाटा

ती. आईस,
इथूनच वाकून नमस्कार.

काळजी करू नकोस, या परक्या देशातही सगळं मिळतं. परवा बसने तासभर लांब जाऊन हिंग, मोहरी आणि चक्क कढीपत्ता आणला. वरणाला चरचरीत फोडणी दिली.

तुझ्या जावयांनी दारातूनच नाक मुरडलं. "कोटाला वास लागतो, ऑफिसात लाज वाटते," म्हणाले आणि सगळ्या खिडक्या उघडल्या. साखरपुड्याला हेच वरण तुझ्याकडून तीनदा मागून घेतलं होतं त्यांनी, आठवतं? पुड्या आता कपाटात, माझ्या साड्यांखाली आहेत.

तुझे गुडघे कसे आहेत? जिने चढू नकोस.

यंदा मसाला कुटलास की माझा वाटा धाकटीला दे. तिच्या घरी वास चालतो.

तुझी,
थोरली