अर्धे खंड तुझ्याकडे

कळमनुरी

प्रिय सोमेश्वर,

आज सकाळी कपाटातले खंड ओसरीवर उन्हाला मांडले. मदीनाबी म्हणाली, ज्वारीसारखी पुस्तकं वाळवणारा नवरा अख्ख्या कळमनुरीत तिच्याच नशिबी आला. मी आपला राजवटींचा खंड, लेण्यांचा खंड, वस्त्रांचा आणि दागिन्यांचा खंड असे ओळीने लावत गेलो, आणि मधेमधे जागा सोडत गेलो. तुझ्याकडच्या खंडांची जागा. इतकी वर्षं झाली तरी हात आपोआप थांबतो.

हा संच आपण नांदेडला जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणला होता. दोघंही इथल्या शाळेत नवीनच लागलो होतो, तू इतिहासाचा मास्तर आणि मी चित्रकलेचा. भारताचा इतिहास आणि कला एवढ्या जाड पुठ्ठ्यांत बांधलेली आपण प्रथमच पाहिली. एकट्याला घेणं झेपणारं नव्हतं, म्हणून दोघांत घेतला. पोती एस.टी.त चढवताना कंडक्टरनं विचारलं, यात काय आहे, तर तू गंभीर चेहऱ्यानं म्हणालास, “राजेमहाराजे हायेत, दमानं ठिवा.” कळमनुरी येईपर्यंत तो कंडक्टर त्या पोत्यांकडे संशयानं बघत होता.

मग रोज शाळा सुटली की आमच्या ओसरीवर आपली बैठक. तू मजकूर वाचायचास आणि मी चित्रं. अजिंठ्याची पानं त्यात काळी-पांढरी होती. इथं कोणता रंग असेल रे, असं तू विचारायचास, आणि मी इतक्या ठामपणे सांगायचो की जणू रंग मीच कालवले होते. पुढे पोरांची सहल घेऊन आपण अजिंठ्याला गेलो तेव्हा माझे निम्मे रंग चुकलेले निघाले. तू पोरांदेखत एक शब्द काढला नाहीस. परतीच्या वाटेवर मात्र एकेक रंग मोजून हसलास.

रविवारी आपण औंढ्याला जायचो. देवळाच्या बाहेरच्या भिंतीवर मृदंग वाजवणारी एक बाई आहे, तिचा उजवा हात कोपरापासून तुटलेला. मी चित्रात तो हात पुरा केला. तुला ते खपलं नाही. तुझं म्हणणं, जे उरलंय तेवढंच दाखवावं, बाकी आपली कल्पना झाली. माझं म्हणणं, ज्यानं घडवली त्यानं तर दोन हातांचीच घडवली होती ना, मग खरं कोणतं? बस कळमनुरीला पोहोचली, चहा झाला, दिवेलागण झाली, तरी वाद मिटला नाही. आजही मला वाटतं, माझंच बराबर होतं.

तुझी सेनगावला बदली झाली तेव्हा खंड वाटून घ्यायची वेळ आली. एक तुला, एक मला, असं आपण करत होतो. मदीनाबी दारात उभी राहून म्हणाली, “सख्ख्या भावांनी शेत वाटावं तसं करून राहिले तुमी.” देवळांचा खंड तुझ्या वाट्याला आला होता. तो तू उचललास, पुन्हा माझ्या बाजूला ठेवलास आणि म्हणालास, यातली चित्रं तुला लागतील.

त्याच खंडात आमची आफिफा वाढली. तिला मूर्तिकला शिकायची होती, तेव्हा तिच्या मामानं, अबूबकरभाईंनी घर डोक्यावर घेतलं. पोरीनं दगडाच्या मूर्त्या शिकून करायचं काय, असा त्यांचा सवाल. मला सासरच्या माणसापुढे बोलणं जमेना. तुला कुणी कळवलं ठाऊक नाही, पण दुसऱ्या दिवशी तू सेनगावहून आलास, जेवलास, आणि हात पुसत शांतपणे म्हणालास, “अबूबकरभाई, ही देवळं, हे दर्गे ज्यांनी घडवले त्यात तुमचेबी कारागीर होते आन आमचेबी. लेकरू आपल्याच घरातलं बघायला चाललंय. जाऊ द्या तिला.” भाईंनी सुपारी कातरून तुझ्या हातावर ठेवली. मग म्हणाले, होस्टेल चांगलं बघा.

तिचं पुस्तक आलंय सोमेश्वर. मराठवाड्यातली देवळं, दर्गे, बारवा, सगळं त्यात आहे. चित्रं माझी आहेत, पण ती औंढ्याची बाई तिनं फोटो काढून तुटक्या हातासकटच छापली. मी विचारलं, काहून? तर म्हणाली, सोमेश्वरकाका रागावतील. पहिल्या पानावर तुझंच नाव आहे. रुख्मिणीवहिनी असत्या तर त्यांनी आधी पेढे वाटले असते आणि मग पुस्तक उघडलं असतं. त्या गेल्या आणि तू लेकीकडे पुण्याला गेलास, तेव्हापासून हिंगोलीच्या स्टँडवर उतरलो की पाय सेनगावच्या गाडीपाशी घुटमळतात.

हे सगळं तुला ठाऊक असलेलंच तुला पुन्हा का लिहितोय, ते आता सांगतो. परवा पुण्याहून तुझ्या कोमलचा फोन आला. फोनवर आवाज ऐकला की तू हल्ली बावरतोस, म्हणून तिनं तुला दिला नाही. माझं नाव काढलं तर तू विचारलंस, हे नासेर कोण? सांगताना पोरगी रडली. मीच तिला म्हणालो, बाई, पत्र पाठवतो, ते तू बाबांना हळूहळू वाचून दाखव, एका दिवशी सगळं नको. कोमल, इथवर आली असशील तर त्यांना पाणी दे, थोडं थांब. सोमेश्वर, मी गुरुवारी येतोय, चांगला महिनाभर राहायला. तू मला ओळखलंच पाहिजेस असं काही नाही. शाळेत मी रुजू झालो त्या सकाळीही तू मला ओळखत नव्हतास. मास्तरांच्या खोलीत सगळे आपापल्या जागी बसलेले, मी पिशवी धरून दारात उभा. तू वर बघितलंस, नावही न विचारता बाकावर सरकलास आणि म्हणालास, “या, बसा.” तेवढं म्हणालास तरी मला पुरे.

तुझाच,
नासेर