सात ठिकाणं झाली, मिरिसवेटी राहिलं

सगळ्यात आधी व्हॅनमधून उतरली ती छत्री. काळी, मोठी, खाली चार माणसं मावतील अशी. त्या छत्रीखालून एक टकला माणूस, त्याच्या मागून आमची सूनबाई चंपिका, आणि शेवटी कानात वायरी घालून माझी नात सेनुरी. बिसो, तिनं पाय खाली ठेवला आणि मी ओळखलं गं. डावं पाऊल जरा आत टाकते. आपला तिलके, तिचा बाप, तसाच चालायचा, तुझ्या दारातल्या पायरीला दर वेळी ठेच लागायची त्याला. मी हातातली कमळं टाकून धावले. समोर गिऱ्हाईक उभं होतं, ते म्हणालं, अहो आजी, माझी फुलं! म्हटलं, ने बाबा, सगळी टोपली ने.

अगं हो, आधी नमस्कार. तिन्ही रत्नांचं शरण तुला लाभो. तुझे गुडघे कसे आहेत? भावजींचा खोकला गेला का, की अजून शेजाऱ्यांना उठवतो? मी खुशाल आहे, नुसती खुशाल नाही, आनंदात आहे, आणि म्हणून एवढं लांबण लावणार आहे. अक्षर सांभाळून घे. (तिसरीत शाळा सुटली ती आईनं कमळाच्या पाकळ्या दुमडायला बसवलं म्हणून, तू धाकटी म्हणून पाचवीपर्यंत गेलीस, ते मी विसरलेले नाही.) सेनुरीनं जाताना आपलं जांभळं पेन मला दिलंय. चांगल्या बातमीला जांभळी शाई शोभते. वाईट मजकूर आला तर तेवढा डोळे बारीक करून वाच.

तर तो टकला माणूस. नाव लायनल. चंपिका इटलीत म्हातारे सांभाळते ना, तिथंच तो एका खानावळीत स्वयंपाकी आहे. पुढच्या महिन्यात दोघं लग्न करणार. मी ठरवलं होतं की याच्याशी एक अक्षर बोलायचं नाही. पण मेला इतका चांगला निघाला की माझी फार अडचण झाली. आल्या आल्या विहिरीवर जाऊन दोन घागरी पाणी आणलं. रात्री जेवताना माझ्या फणसाच्या भाजीत मिरी कमी आहे म्हणाला, आणि खरंच कमी होती. अशा माणसाचा राग तरी कसा करायचा, सांग.

त्याच जेवणात चंपिकानं ताटातून मान वर न काढता सांगितलं, "अम्मा, शनिवारी त्यांच्या नावानं दान करू. भंतेजींना मी सांगून ठेवलंय. चौदा वर्षं झाली." मी म्हटलं, पंधरा होऊ देत, मग बघू. तुला ठाऊकच आहे. तिलके लढाईत गेला, सापडला नाही, असा कागद आला. सातव्या दिवसाचं नाही, तीन महिन्यांचं नाही, वर्षाचंही नाही, मी त्याच्या नावानं एकही दान होऊ दिलं नाही. भंतेजींना जेवू घालायचं, मग झारीतलं पाणी पेल्यात ओतायचं, पेला भरून खालच्या ताटात सांडलं की पुण्य गेलेल्या माणसाला पोचतं. आता जो गेल्याचं कुणी पाहिलंच नाही, त्याला ते कुठं पोचणार? माझा चष्माही आठवड्यातून चारदा सापडत नाही, म्हणून काय त्याचं सुतक धरायचं?

पण चंपिकानं तिकडंच मनाशी ठरवलं होतं, आधी अनुराधपुरातली आठ ठिकाणं वंदायची, मगच दान. रविवारी त्यांचं विमान. मी म्हटलं, बायांनो, आठ ठिकाणं नीट करायची तर आठ दिवस लागतात. (आपण दोघी ती एका सकाळीत करून घरी भात टाकायचो, हे कुणाला बोलू नकोस.) मंगळवारी महाबोधीला नेलं. तिथं माकडानं लायनलच्या हातातलं फुलांचं तबक पळवलं आणि वर बसून एकेक कमळ सोलून खाल्लं, पाकळ्या त्याच्याच टकलावर टाकल्या. मला इतकं हसू आलं की पुण्य निम्मं तिथंच सांडलं असेल. शेजारचे लोहप्रासादाचे दगडी खांब सोळाशे आहेत की नाहीत ते मोजायला लावले, तेवढ्यात दुपार झाली. बुधवारी रुवन्वेली. ऊन असं की फरशीवर पापड भाजावा. लायनल अनवाणी नाचत होता, पण छत्री माझ्या डोक्यावर धरून. तीन प्रदक्षिणा झाल्यावर मी म्हटलं, मोजायला चुकले वाटतं, पुन्हा पहिल्यापासून. तो म्हणाला, "चला अम्मा." संध्याकाळी थूपाराम केलं तेव्हा त्याच्या तळपायाला कैरीएवढा फोड.

गुरुवारी जेतवन दक्षिणेकडून दाखवलं. शुक्रवारी तेच जेतवन उत्तरेकडून दाखवलं आणि म्हटलं, हे सहावं. विटांचा एवढा डोंगर, चंपिकाला कसली आठवण! पण सेनुरी थांबली. "आच्ची, हे कालचंच आहे. ते बघ, कालचंच एका कानाचं कुत्रं." मी म्हटलं, इथं सगळ्याच कुत्र्यांना एक कान असतो. चंपिकानं कपाळाला हात लावला. "अम्मा, तुम्ही लहान मूल आहात का?" मग लायनलनं सगळ्यांना व्हॅनमध्ये घालून एका दमात अभयगिरी आणि लंकारामही उरकलं. म्हणजे सात झाली. राहिलं मिरिसवेटी.

बिसो, वळणावर मी रस्त्यातच बसले. तिलके शेवटच्या रजेवर आला होता तेव्हा आम्ही दोघांनी सात ठिकाणं केली होती. आठव्याच्या वेळी त्याला भूक लागली. म्हणाला, हे पुढच्या रजेत करू, आता घरी चल. तेव्हापासून मी मिरिसवेटीकडं वळलेच नाही. फुलं विकायलाही नाही. त्या स्तूपाची गोष्ट आपल्याला आजीनं सांगितली होती ना? राजानं आपला दंड तिथं रोवला, तळ्यात आंघोळ करून आला आणि उपटायला गेला तर निघेना. सगळं सैन्य लागलं तरी हलेना. मग त्यानं त्याच्याभोवतीच स्तूप बांधला. मला तो राजा फार शहाणा वाटतो.

चंपिका म्हणाली, "उठा अम्मा, लोक बघतायत." मी उठेना. तेव्हा सेनुरी म्हणाली, "आई, फोनची बॅटरी संपली. आता रस्ता सापडायचा नाही." पांढराशुभ्र स्तूप समोर, हात लांब केला तर हाताला लागेल एवढ्यावर! चंपिकानं लेकीकडं पाहिलं, स्तूपाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. लायनल छत्री मिटून म्हणाला, "रस्ता अवघडच दिसतोय. पुढच्या खेपेला येऊ." चंपिकानं वाकून माझी निसटलेली चप्पल पायाशी सरकवली. मग म्हणाली, "बरं. आठवं राहू दे. पण दान उद्याच."

शनिवारी सकाळी झारी सापडेना. (तांदळाच्या कणगीत होती. मीच ठेवली होती.) शेजारची पोडिहामी आपली घेऊन आली आणि अंगणातूनच ओरडली, "झारी हरवते का गं कधी? लपवलीस म्हण की!" दानाला सगळं रांधलं, आणि कारल्याची भाजी मी माझ्या हातानं केली. चंपिका म्हणाली, "अहो अम्मा, त्यांना कारलं मुळीच आवडायचं नाही." मी म्हटलं, वय वाढलं की आवडायला लागतं. ती भांडं घेऊन आत गेली.

भंतेजी जेवले. मग थोरल्या भंतेजींनी तिलकेचं पूर्ण नाव मोठ्यानं घेतलं. चौदा वर्षांत या घरात ते असं कुणी उच्चारलं नव्हतं. चंपिकाचा हात, सेनुरीचा हात, आणि वर माझा. लायनल मागं उभा, कुणी बोलावलं नाही म्हणून. चंपिकानंच त्याला हात दिला. मी ओतलं, बिसो. पेला भरला, काठावर थांबला, आणि ताटात सांडला. चंपिका रडली ती पोडिहामीच्या खांद्यावर, चौदा वर्षांचं एकदम. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. तिला हे हवंच होतं गं. पोरगी सव्विसाव्या वर्षापासून ना धड सवाष्ण ना धड विधवा.

रविवारी गेले. चंपिकानं गुडघे टेकून वंदन केलं आणि म्हणाली, "जाऊन येते, अम्मा." लायनल छत्री ठेवून गेलाय. फुलं विकायला बसते तेव्हा वर लावते. गिऱ्हाईकं लांबून ओळखतात. घर रिकामं आहे, पण वाईट नाही. मी मजेत आहे. भावजींना नमस्कार.

तुझी अक्का,
दिंगिरी

ता. क. — हे भावजींना वाचून दाखवू नकोस. कारलं कुणाला आवडायचं ते तुझ्या ध्यानात आलंच असेल. भंतेजींनी नाव तिलकेचं घेतलं, पण पाणी ओतताना मी मनात माझ्या गेलेल्या म्हाताऱ्याचं घेतलं. इतक्या वर्षांनी थेट इटलीहून माणसं येऊन आपल्याला जेवू घालतायत, म्हणून तो तिकडं चक्रावला असेल. चंपिकाला कळलं नाही. सेनुरीला कळलं. व्हॅनमध्ये चढण्याआधी कानाशी येऊन म्हणाली, "आच्ची, तू कुणाचं नाव घेतलंस?" मी खरं सांगितलं. ती म्हणाली, "मला वाटलंच." आणि मग, "म्हणजे बाबांना अजून पाणी मिळालंच नाही?"

पुन्हा ता. क. — तेव्हापासून पाणी प्यायला पेला उचलला की हात मध्येच थांबतो. काल कणगीतून झारी काढली. रिकामी होती, तरी उचलेना. तिच्याभोवती स्तूप बांधायला माझ्याकडं विटा नाहीत, बिसो. म्हणून तू ये. गुडघे दुखत असले तरी ये. चौदा वर्षांत मी तुला कशाला बोलावलं नाही. सकाळी मिरिसवेटी करू, आणि मग घरी झारीवर माझ्या हातावर तुझा हात ठेव, घट्ट, मी मागं घेतला तरी सोडू नकोस. या खेपेला भाजी फणसाची करेन, मिरी जास्त घालून, तिलकेला आवडायची तशी. राहिलेलं मिरिसवेटी करायला ते तिघंही येणार आहेत. सेनुरीनं निघता निघता परत आत धावत जाऊन माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर स्वतः जांभळी खूण केली आहे. पोसोनची पौर्णिमा, गुरुवार.