चालीचा चौथा भाग

मी, हिंदा ग्लिक, माहेरची टॉयबर, वय वर्षे एकाहत्तर, धंदा बायकांचे केसांचे टोप बनवणे, राहणार बरो पार्क, ब्रुकलिन, पंचेचाळिसावी गल्ली, दुकानाच्या वरचा मजला, आज स्वतःच्या हाताने लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे, डोळे चष्म्यासकट चांगले आहेत, आणि हे लिहायला मला कोणी भरीस घातलेले नाही. भरीस घालायला कोणाला सवडच नाही. आम्हा यहुद्यांचा वल्हांडणाचा सण तोंडावर आला आहे, आणि लग्न झालेल्या बाईने आपले केस झाकायचे ही आमची रीत, त्यामुळे आळीतल्या प्रत्येक बाईला आपला टोप धुऊन, वळण लावून आजच्या आज हवा आहे. हृदय मात्र थकले आहे. डॉक्टर म्हणाले, झडप नीट मिटत नाही. मी म्हटलं, दुकानाचं शटरही मिटत नाही, तरी चाललंय ना? ते हसले नाहीत, म्हणून हे मृत्युपत्र.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही. मसुदा वकील श्री. हेरश्कोविच यांनी दिला. मोकळ्या जागा मी भरते आहे. मोजकं लिहा, असं त्यांनी बजावलं आहे. बघू.

कलम पहिले. राहते घर व खालचे दुकान माझी एकुलती मुलगी गोल्डी, राहणार टोरांटो, हिला द्यावे. ती ते विकणार, हे मला ठाऊक आहे. विक बाई. जिने चढून माझे गुडघे गेले, तू कशाला तुझे घालवतेस? फक्त विकण्याआधी ओव्हनमागची भिंत नीट पुसून घे. घ्यायला येणाऱ्या बायका तिथेच बघतात आणि नंतर गावभर सांगतात.

कलम दुसरे. बँकेत जे असेल त्यातून माझे अंत्यविधी उरकावेत व उरलेले गरीब घरच्या मुलींच्या लग्नाच्या निधीला द्यावे. निधीच्या अध्यक्षीणबाईंनी माझ्या नावाची पाटी लावू नये. त्यांनी एकदा भर दुकानात, चार बायकांदेखत, माझ्या कामाला 'घोड्याची आयाळ' म्हटलं होतं. त्यांच्या पाटीवर मला जायचं नाही.

कलम तिसरे. दुकानातली लाकडी डोकी, केस ओवायच्या आकड्या, वाफेचं यंत्र आणि ड्रॉवरमधले सगळे केस जिला हा धंदा शिकायचा असेल अशा एखाद्या विधवेला फुकट द्यावेत. तिला एक सांगावं: गिऱ्हाईक 'अगदी साधा हवा' म्हणालं की समजावं, आठवडाभर मान मोडणार.

कलम चौथे. सभास्थानात, म्हणजे आमच्या प्रार्थनागृहात, माझ्या यजमानांची, कै. मोर्देखाय ग्लिक यांची, विकत घेतलेली बसायची जागा आहे. ती माझा भाचा एझ्रिएल टॉयबर यास द्यावी. जागा खांबाआड आहे. तिथून काही दिसत नाही. जागा वाटणाऱ्यांनी मोर्देखायला ती दिली कारण तो भांडणार नाही हे त्यांना माहीत होतं. मी भांडले असते, पण बायकांना त्या बैठकीत कोण विचारतो?

कलम पाचवे. माझ्या वडिलांची चाल.

मसुदा करताना वकीलसाहेबांनी इथे पेन खाली ठेवलं. "बाई, चाल ही काही मालमत्ता होत नाही. तिला चतुःसीमा नाही, किंमत नाही. ती तुम्ही देणार कशी?"

"मग घरातली इतर चीजवस्तू, या सदरात टाका," मी म्हटलं.

"तुम्ही माझी थट्टा करताय."

"थट्टा करायला अंगात त्राण लागतं, वकीलसाहेब. लिहा."

त्यांनी लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते. आमच्यात अशा चालीला निगून म्हणतात. तिला शब्द नसतात. ज्याला परमेश्वराशी बोलायचं असतं पण काय बोलावं ते सुचत नाही, त्याच्यासाठी ती. माझे वडील लेझर टॉयबर यांनी ती आपल्या गावाहून, ड्रोझिनहून आणली. दुसरं काही आणता आलं नाही. त्यांची पहिली बायको आणि मुलं तिकडेच मारली गेली. मी आणि माझा धाकटा भाऊ फिशेल महायुद्धानंतर मांडलेल्या दुसऱ्या संसारातली.

शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या दिवशी, तिन्हीसांजेला, तिसऱ्या जेवणाला, आळीतले पुरुष आमच्याकडे जमत. शब्बाथ उतरेपर्यंत दिवा लावायचा नाही, त्यामुळे पाव, खारी मासळी आणि वाढत जाणारा काळोख. बाबा चाल धरत. पहिला भाग चाचपडत जाणारा, दुसरा विनवणीचा, तिसरा वर वर चढणारा. तिसऱ्याला सगळे टेबलावर मुठी आपटत आणि त्याच तारेत उठून रस्त्यापलीकडे संध्याकाळच्या प्रार्थनेला जात. फिशेलही कोणाचं तरी बोट धरून जाई. बाबांचा गुडघा तिकडच्या बर्फात निकामी झाला होता, ते जिने उतरत नसत. घर रिकामं झालं की ते एकटेच चौथा भाग म्हणत.

चौथा भाग चढत नाही. तो खाली येतो, थांबत थांबत, आणि शेवटच्या सुराला पोचत नाही. त्याच्या एक पायरी अलीकडेच संपतो. मी आणि आई स्वयंपाकघरात अंधारात बसलेल्या असू. मी काही विचारायला गेले की आई म्हणे, "चूप. बाबा तिकडे गेलेत. येतील परत."

तर ही आमच्याच माणसांनी करावी अशी चूक. प्रार्थनेला उशीर नको म्हणून ते उठून गेले, आणि सगळ्या पुरुषांची समजूत झाली की चाल तीनच भागांची. बाबांनी कधी कोणाला थांबवलं नाही. का, ते मला आजही माहीत नाही.

बाबा गेल्यावर मी फिशेलला म्हटलं, "अरे, तिला पुढे आणखी आहे." तो तेव्हा धर्मपाठशाळेत होता, दाढी नुकती फुटलेली.

"ताई, टेबलावर मी बसायचो. तू तिकडे भांड्यांत."

"म्हणून दाखवू?"

"बाईमाणसाचं गाणं ऐकू नये."

"सख्खी बहीण आहे मी तुझी! बहिणीचं चालतं म्हणतात."

"म्हणत असतील."

अतिशहाणा! तीन भागांची चाल घेऊन तो लग्नाकार्यांत मिरवला, आणि लोक म्हणू लागले, 'फिशेलची चाल'. फिशेल, तुला जाऊनही वर्षं झाली. तू आहेस तिथे बाबांनी तुला चौथा भाग ऐकवलाच असेल. तेव्हा तुझा चेहरा बघायला मी हवी होते.

नवऱ्यासमोर गायला धर्माची आडकाठी नाही. पण मोर्देखायला, बिचाऱ्याला, चाल आणि किटलीची शिट्टी यांतला फरक कळत नसे. एकदा मी मोठ्या हिमतीने म्हटली. तो म्हणाला, "छान आहे. चहा झाला का?" माणूस सोन्यासारखा, पण कानांनी दगड. गोल्डी त्याच्यावर गेली. मुलगा मला झाला नाही. मग दर शब्बाथला तिन्हीसांजेला मी एकटीच म्हणत राहिले, आणि दर वर्षी दम थोडा थोडा कमी पुरत गेला.

आता एझ्रिएल. फिशेलचा मुलगा. त्याने बापाच्या तीन भागांना गिटार लावली, ढोल लावले, आणि त्याच्याकडे एक गृहस्थ आहे जो मंचावर नुसता डोळे मिटून लांब श्वास घेतो. त्याचेही पैसे मिळतात म्हणे. ती चाल आता लग्नात वाजते, मासळीवाल्याच्या दुकानात वाजते. गुरुवारी एका गोदामात शहरातली उघड्या डोक्याची पोरं-पोरी जमतात, ती गातात आणि रडतात. त्यांची मला चेष्टा करायची नाही. ज्यांना घरात कोणी शब्बाथ दाखवला नाही, त्यांनाही तहान लागते. गिटारशी माझं भांडण नाही. बाबांकडे गिटार असती तर त्यांनी ती विकून कोळसा आणला असता, एवढंच.

मागच्या हिवाळ्यात एझ्रिएल दुकानात शिरला. बायकांची एकच धावपळ. हाताला येईल ते प्रत्येकीने डोक्यावर ओढलं. मी त्याला मागच्या खोलीत नेलं.

"आत्या, एक विचारतो, हसू नकोस. तिसऱ्या भागानंतर लोक नाचतात, आणि मी दारात उभा राहिल्यासारखा उभा. आत जाता येत नाही, बाहेर येता येत नाही. त्या चालीत काही राहिलंय का गं?"

"राहिलंय," मी म्हटलं, आणि मला रडू आलं. इतक्या वर्षांनी विचारणारा एक निघाला, आणि तोही फिशेलचाच पोरगा!

त्याने खिशातून फोन काढला. "यात म्हण. मी बाहेर उभा राहतो. मी नाही ऐकणार, फोन ऐकेल."

"आणि फोनचं कोण ऐकेल?"

"रब्बींना विचारतो ना. यंत्रातला आवाज चालतो असं म्हणणारे आहेत."

"म्हणणारे सगळ्यालाच असतात. बायकोला पाठव."

त्याची बायको ब्लिमा बुधवारी येऊ लागली. पाच लेकरांची आई, बसल्या बसल्या डोळा लागेल इतकी दमलेली. तिचा टोप धुवायचा म्हणून बसवायचं आणि शिकवायचं. फांदीवरचं पाखरू ऐकून लगेच म्हणेल असा कान आहे तिला. हिवाळा सरता सरता तिला चौथा भाग आला. तिने घरी जाऊन नवऱ्यासमोर म्हटला. त्याने एकदा ऐकला, डोळे पुसले, आणि उठून थेट स्टुडिओत गेला.

आठ दिवसांत तो तयार माल घेऊन माझ्याकडे. "ऐक आत्या!" मी ऐकलं. बरं वाजवलं होतं, खोटं का बोलू? पण शेवटी चाल खाली येण्याऐवजी वर उडाली. ढोल, टाळ्या, जयजयकार. जिनाही न उतरणारे बाबा थेट छपरावर.

"एझ्रिएल, ही खाली येते."

"माहीत आहे गं. ब्लिमानेही सांगितलं. पण लोक उभारी घ्यायला येतात. त्यांना अंधारात सोडून मी कसा निघून जाऊ?"

"बाबा काय घ्यायला बसायचे?"

तो म्हणाला, "तू हो म्हटल्याशिवाय मी हे बाहेर काढणार नाही." पोरगा वाईट नाही. वाईट असता तर माझं काम सोपं झालं असतं.

तेव्हापासून तो दर आठवड्याला फोन करतो, आणि मी म्हणते, बघते. हो म्हटलं, तर जगात कायमची चुकीचीच चाल राहील, आणि उद्या कोणी खरी म्हटली तर तिलाच लोक चुकलीस म्हणतील. नाही म्हटलं, तर चौथा भाग आधी माझ्याबरोबर आणि मग ब्लिमाबरोबर मातीत. धड इकडे नाही, धड तिकडे नाही. माझ्यात आता भांडायचं बळ नाही, म्हणून जे आहे ते इथे लिहून मोकळी होते.

कलम सहावे. एझ्रिएलला माझे 'हो' आहे, पण एका अटीवर. त्याने चौथा भाग एकदाच ऐकला आहे. तो त्याने पुन्हा ऐकावा, आणि शब्बाथलाच ऐकावा, तिन्हीसांजेला, दिवा नसताना, जेव्हा यंत्राला हात लावता येत नाही आणि लिहूनही घेता येत नाही. बाकीचे प्रार्थनेला निघतील तेव्हा त्याने निघू नये. लोक बोलतील, बोलू देत. मागून एकट्याने प्रार्थना करावी, परमेश्वर दार लावून घेत नाही. ब्लिमाने म्हणावं, त्याने गप्प बसावं. चाल संपल्यावर ताबडतोब उठू नये. त्यानंतर त्याला जे वाजवावंसं वाटेल ते त्याने वाजवावं, वर न्यावी, खाली आणावी, माझी हरकत नाही. वकीलसाहेब म्हणतात, ही अट कोणतंही कोर्ट पाळून घेणार नाही. कोर्टाला मी सांगितलेलंच नाही. मी एझ्रिएलला सांगते आहे.

कलम सातवे व शेवटचे. चालीचा चौथा भाग ब्लिमा एझ्रिएल टॉयबर हिला द्यावा, म्हणजे दिलेलाच आहे. तिने तो मुलींना द्यावा की कोणाला द्यावा, हे तिचं ती बघेल. यात गोल्डीने वाईट वाटून घेऊ नये. आणि ब्लिमालाच का, हे कोणी विचारू नये म्हणून कारणही लिहिते. तिला रीतसर शिकवायच्या आधी, पहिल्याच बुधवारी, मी तो तिच्यासमोर आख्खा म्हटला. दम पुरला नाही, दोनदा मध्येच थांबले, आवाज फाटला. ती डोक्याला ओला टॉवेल गुंडाळून बसली होती. संपल्यावर मला लाज वाटली आणि मी केस विंचरायची फणी शोधू लागले. ती म्हणाली, "आत्या, पुन्हा म्हणा ना." जन्मात मला असं कोणी म्हटलं नव्हतं.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, वाचला, व तो माझाच आहे.

सही: हिंदा ग्लिक

आमच्यासमोर सही केली. तिच्या सांगण्यावरून व एकमेकांच्या साक्षीने आम्हीही केली:
१. फ्रॅडल बिंडर, शेजारीण
२. गेदाल्या वाइस, बेकरीवाले

ठिकाण: बरो पार्क, ब्रुकलिन
दिनांक: २० अदार ५७७८, म्हणजे ७ मार्च २०१८, बुधवार