मूठ एकदा, बोटं चारदा

हार्लिंगेन, १२ मार्च १९९८

प्रिय यित्स्के,

इकडे सगळं ठीक. तुझ्या वाढदिवसाचं कार्ड उशिरा पोचलं असेल तर रागावू नकोस. तुझा भाऊ सुधारतोय. अर्धांगाच्या झटक्यानंतर उजवा हात अजून जड आहे, पण वाटाण्याचं सूप आता न सांडता पितो.

बोलण्याचं मात्र मला काही खरं वाटत नाही. दर मंगळवारी मार्खे येते, त्याला पुन्हा बोलायला शिकवणारी. आपले लांबलचक डच शब्द ती तुकडे पाडून, टेबलावर ठोके देत म्हणवून घेते. जोर येतो तिथे मूठ, बाकीच्या तुकड्यांना बोटं. तिच्यासमोर वीबे बोलतो. मी कॉफी घेऊन गेले की दोघं गप्प. माझ्या वाट्याला फक्त 'हो' आणि 'नाही'.

पंधरा दिवस दिवसभर खुर्चीच्या हातावर त्याचं एकच चाललं होतं: मूठ एकदा, बोटं चारदा. कुठला शब्द, विचारलं तर खिडकीबाहेर बघायचा. मी संशयी आहे असं तू म्हणतेसच. पाच तुकड्यांचे येतील तेवढे शब्द लावून पाहिले, आणि प्रत्येकात मला माझ्याविरुद्ध काहीतरी दिसलं.

परवा दाराआड उभी राहिले. लाज वाटली, तरी राहिले.

"पहिल्यावर मूठ, वीबे," मार्खे म्हणाली. "मागचे येतील आपोआप."

"एख्त-स्खाय-डिंग्स-आन-व्राख."

घटस्फोटाचा अर्ज. न अडखळता.

यित्स्के, तो नाश्त्याला बसला असताना कोसळला, हे मी तुला सांगितलं. त्याआधी तो अर्ज मीच त्याच्या ताटलीशेजारी ठेवला होता, हे सांगितलं नाही. अ‍ॅम्ब्युलन्स यायच्या आत मी तो फडक्यांच्या खणात कोंबला. त्याला काही आठवत नाही अशी समजूत करून घेऊन पाच महिने त्याला भरवलं.

आत गेले तर तोच अर्ज, खणातून शोधून काढलेला, टेबलावर होता. मार्खेनं पिशवी उचलली आणि ती निघून गेली. वीबेनं माझ्याकडे पाहिलं. एकेक शब्द ओढून काढावा लागला त्याला.

"दया... नको. तू... जा."

त्यानं डाव्या हातानं सही केली आहे. माझ्या सहीची जागा रिकामी आहे. इतके दिवस त्याच्यावर संशय घेतला, आता मला माझाच संशय येतो. मी राहिले ती त्याच्यासाठी, की गावात तोंड दाखवायला जागा उरावी म्हणून? खरंच सांगते, मला कळत नाही. आणि परवापासून तो ठोके देत नाही, तर घर खायला उठतं.

रविवारी ये. त्याची बाजू घेतलीस तरी चालेल.

अजून तरी तुझी वहिनी,
लुत्स्के