चिक्कीची पेटी

९ जाने.
आज शाळेत पोहे. चौथीतल्या त्रिवेणीला शेंगदाणे चालत नाहीत, हे स्वयंपाकाच्या सुगंधाबाईंना सांगितलेलं. त्यांनी मायेनं ताटातले दाणे वेचून पोहे दिले. थोड्याच वेळात ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, श्वासाला शिट्टी. "पित्त उठलं जी मॅडम!" बाई गेरू चोळून घोंगडीत गुंडाळायला लागल्या. मी घोंगडी भिरकावली, तिला उचललं, रस्त्यावरची पहिली गाडी अडवली. आरोग्य केंद्रात मांडीत इंजेक्शन दिलं, तेव्हा पोर नीट श्वास घ्यायला लागली.

१० जाने.
मुख्याध्यापक म्हणाले, "तिच्या बापाले सांगा, जेवणाआधी घरी नेत जा." मी म्हटलं, काऊन, कशासाठी? चूक तिची आहे? ती इथंच जेवेल सर, दाणे शाळेबाहेर जातील. चिडले. चिडू देत.

१३ जाने.
डॉक्टरांकडे जाऊन ते इंजेक्शन द्यायला शिकले. आता एक माझ्या टेबलाच्या खणात आहे. मु.अ.: "काही झालं त नोकरी जाईल तुमची." आणि नाही दिलं तर पोरगी जाईल, त्याचं काय? नोकरी दुसरी मिळेल. (नाही मिळणार. तरी.)

१६ जाने.
सुगंधाबाई रडल्या. "एक एक दाना येचला होता जी मी." ठाऊक आहे बाई. पण दाण्याचा चुरा वेचता येतो का? भाजीत आता दाण्याऐवजी जवसाचं कूट. पोरं बोटं चाटतात.

२२ जाने.
२६ जानेवारीच्या झेंड्याला दरवर्षी सरपंचांची दाण्याची चिक्की. म्हटलं, यंदा मुरमुऱ्याचे लाडू द्या. "एका पोट्टीसाठी साऱ्या शाळेले काऊन तरसवता? आमच्या बापापासून चिक्कीच वाटून राहिलो." त्रिवेणीची आई म्हणते, पाठवतच नाही त्या दिवशी. यंदा कवायतीचे हुकूम त्रिवेणी देणार आहे! एकदा घरी बसली की बसलीच. मला भीती तीच.

२५ जाने.
चिक्कीची पेटी आलीच, ऑफिसात ठेवली. मु.अ.: "आली आहे त वाटून टाकू." ऑफिसातून झेंडा तेवढा काढून घेतला, कुलूप ठोकलं, किल्ली पर्समध्ये. तशीच त्रिवेणीकडे गेले. आई दारात आली, तिच्यामागून त्रिवेणी.
"मॅडम, मी येऊन राहिली ना उद्या?"
म्हटलं, येऊन राहिली. सगळ्यांच्या आधी ये.
किल्ली हवी असेल त्यानं उद्या तिच्यासमोर मागावी.