लाल चिंधीची कळशी

प्रिय मुग्धा,

तुझा फोन बंद आहे. केयूरला तू जो एकच निरोप पाठवलास, तो त्याने मला वाचून दाखवला. "माझ्या झेंडूच्या माळांनी बाबांना पाडलं," असं तू त्यात लिहिलं आहेस. ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून आज पत्र लिहायला बसले. एवढं लांब पत्र मराठीत मी पहिल्यांदाच लिहिते आहे. शिकले छावणीतल्या कॉन्व्हेंटमध्ये, नोकरीभर विमा कचेरीत इंग्रजी फायली खरडल्या, आणि घरात मराठी उरली ती ओरडण्यापुरती. तुझा नवरा केयूर तर जन्मल्यापासून मला बुआ म्हणतो. मला आत्या म्हणणारी तू पहिलीच, त्यामुळे तुझ्याशी मला मराठीतच बोलायचं आहे.

इकडचं सांगायचं तर तुझा मोगरा जगला आहे. माळी त्याला उपटायला निघाला होता, मी त्याला असं काही सुनावलं की आता तो लांबूनच नमस्कार करतो. पाडव्याला तुझ्या सासूने, शकुंतलाने, गुढी उभारली. काठी नीट बांधायला तू नव्हतीस, म्हणून ती दुपारपर्यंत शेजाऱ्यांच्या गच्चीकडे झुकली होती. इलाइट चौराह्यावर पुन्हा खोदकाम काढलं आहे. बड्या बाजारातला बांगडीवाला विचारत होता, "बहू मायके से कब आएगी, बुआजी?" मी त्याला म्हटलं, तू तुझ्या बांगड्या मोज. मी त्याच्यावर उगाच डाफरले.

आपल्या घरची रंगपंचमी तू एकदाच पाहिलीस, आणि तीही अशी. इथले लोक रंग खेळून, अंग घासून मोकळे झाले की मग आपली मराठी घरं रंग काढतात. त्यामुळे आपल्याकडे पाहुणे हौसेने येतात, हिंदी शेजारी, तुझ्या सासऱ्याचे, मधूचे, कचेरीतले मित्र, छावणीतली एकदोन कुटुंबं. एवढी माणसं घरात येणार म्हटल्यावर कुणीतरी डोकं ठिकाणावर ठेवावं लागतं, आणि ते काम आईनंतर माझ्याकडे आलं. सकाळी अंगणातल्या दिव्यांची आणि पंपाची वीज बंद करायची. पायऱ्यांवर ओली पोती अंथरायची. प्रत्येकाच्या हातापायांना खोबरेल तेल लावल्याशिवाय त्याला अंगणात उतरू द्यायचं नाही. डोळे धुवायला साध्या पाण्याची बादली वेगळी, आणि ज्यांना रंग नको त्यांच्यासाठी पुढची खोली कोरडी. मधू मला मदर सुपीरियर म्हणतो, आणि त्याचे मित्र खिदळतात. मी सख्खी मोठी बहीण आहे, तरी मला कधी वाईट वाटलं नाही. लोक धडधाकट घरी जात होते, मला तेवढं पुरे होतं.

त्यातच ठंडाईच्या कळशांचा रिवाज. दोन साध्या कळशा, आणि भांगेची एक. भांगेच्या कळशीच्या गळ्याला लाल चिंधी बांधायची, पदर चांगला हातभर खाली लोंबता ठेवायचा. आणि त्या कळशीतून कुणी कुणाला वाढायचं नाही. ज्याला हवी असेल त्याने उठून स्वतः ओतून घ्यायची. हा नियम माझ्या वडिलांचा, गोपाळरावांचा. ते स्वतः भांग घेत, आवडीने घेत, पण दुसऱ्याच्या हातात तो पेला त्यांनी कधी दिला नाही. विडा द्यावा, भांग देऊ नये, असं म्हणायचे. तुला हे कुणी सांगितलं नव्हतं. शकुंतलाला वाटलं मी सांगितलं असेल, मला वाटलं तिने. घरात आलेल्या मुलीला सगळं आपोआप कळतं असं आम्ही गृहीत धरतो, आणि मग काही बिघडलं की तिच्याकडे पाहतो.

तू त्या सकाळी तिन्ही कळशांना माळा घातल्यास तेव्हा मी तिथेच तेलाची वाटी घेऊन उभी होते. माळा सुरेख दिसत होत्या. तुझे बाबा पुढच्या खोलीत खुर्चीवर बसले होते, पांढराशुभ्र सदरा, कपाळावर मी लावलेला गुलालाचा टिळा. रक्तदाबाची गोळी घेतो, तेव्हा रंगात येत नाही, इथून बघतो, असं मला मधूसमोरच म्हणाले. लेकीच्या सासरी पहिल्यांदाच आले होते, तेही एकटे. तुझी आई असती तर दोघं मिळून आले असते, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. पण शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर त्यांनी आपला पंचा घडी करून ठेवला होता, आणि तिथे कुणाला बसू देत नव्हते.

पुढचं तुला माहीत आहे. ते अंगणात कसे आले, कसे हसत होते, कसे रडत होते, आणि ओट्याच्या पायरीवरून कसे पडले. माझी पोती तिथे होती ग. पोत्यांवरून पाय घसरत नाही, पण ज्याला पायरीच दिसत नाही त्याला पोतं काय करणार? खुब्याचं हाड मोडलं. इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, काय घेतलं होतं, किती घेतलं होतं. तेव्हा मधू म्हणाला, "ग़लती से पी गए होंगे, बहू ने माला डाल दी थी, निशानी छुप गई." तू माझ्या शेजारीच उभी होतीस. तुझा चेहरा मी पाहिला, आणि मी गप्प बसले, कारण मलाही तेव्हा तेच खरं वाटलं.

संध्याकाळी घरी येऊन मी कळशा घासायला घेतल्या. झेंडू कोमेजून काळा पडला होता. माळ काढण्याआधीच माझं लक्ष गेलं. लाल चिंधीचा पदर माळेच्या खाली चांगला लोंबत होता. आंधळ्याच्याही हाताला लागला असता. मग माझ्या मनात आलं, की निशाणी दिसो न दिसो, तुझे बाबा कळशीपर्यंत गेलेच कधी? ते तर खुर्ची सोडत नव्हते.

याचं उत्तर मला शोधावं लागलं नाही. तू बाबांना घेऊन माहेरी नाशिकला गेलीस त्यानंतर एका दुपारी मधू बैठकीत फोनवर बोलत होता. मी शेजारच्या खोलीत कपडे घडी करत होते. मोठ्याने हसत म्हणाला, "अरे यार, दो गिलास तो मैंने ही पिलाए। समधीजी को क्या पता, केसर है कि बूटी! वो तो मुझे धन्यवाद दे रहे थे।" आणि मग तुझ्या बाबांचा तो व्हिडिओ, जो सगळ्यांनी एकमेकांना पाठवला, ज्याखाली 'समधीजी हवा में', म्हणजे व्याही हवेत, असं लिहिलं होतं, तो पुन्हा पाठवतो म्हणाला.

मी बैठकीत गेले. फोन त्याच्या हातातून घेतला आणि बंद केला. त्याला विचारलं, मधू, हे खरं? तर म्हणतो, "ताई, होली थी, मज़ाक था. मला काय माहीत त्यांना एवढी चढेल?" मी म्हटलं, गोळी घेतात हे त्यांनी तुझ्यासमोर सांगितलं होतं. तर उठून चपला शोधायला लागला. त्याला लाज वाटली असावी, पण लाज वाटली म्हणून पेला मागे जात नाही. शकुंतला मधे पडली. "वन्सं, झालं ते झालं. घरातली गोष्ट घरातच राहू दे. सूनबाई विसरेल चार दिवसांत, आणि हे कळलं तर ती परत यायची नाही." म्हणजे तू परत यावीस म्हणून तुझ्या गळ्यात ही माळ घालून ठेवायची! मला आयुष्यात इतका संताप आला नव्हता. मी काय काय बोलले ते लिहीत नाही, ऐकायला समोरचा मोगराही होता.

केयूरला मी त्याच दिवशी सगळं सांगितलं. म्हणाला, बुआ, मी सांगतो तिला. सांगितलं नाहीये, हे तुझ्या निरोपावरून दिसतंच आहे. तो वाईट मुलगा नाही, बापापुढे त्याची जीभ उचलत नाही एवढंच. पण तेवढं पुरेसं वाईट आहे, आणि त्याचं काय करायचं ते तू ठरव. मी त्याची बाजू मांडणार नाही. तू परत ये असंही मी म्हणणार नाही. तुझ्या बाबांच्या डॉक्टरांना मात्र सांग, दोन पेले, चांगले भरून, आणि चुकून नव्हे. व्हिडिओ ज्यांच्या ज्यांच्याकडे होता त्या प्रत्येकाच्या घरी मी स्वतः गेले, आणि माझ्यासमोर तो पुसून घेतला. मधूला माझ्यासोबत नेलं. दारात उभं राहून खरं काय ते त्याच्याच तोंडाने सांगायला लावलं. लाल चिंधी मी चुलीत टाकली. ती कळशी आता प्यायच्या पाण्याची आहे.

पण हे पत्र लिहिलं ते खरं तर तुझ्या बाबांसाठी. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी तू औषधं आणायला खाली गेली होतीस, तेव्हा त्यांनी माझा हात धरून विचारलं, "बकुळाताई, मला काहीच आठवत नाही. मी काही वावगं बोललो का हो? मुग्धाला मान खाली घालायला लागली का?" तेवढ्यात परिचारिका आली आणि उत्तर राहून गेलं. तुझ्या त्याच निरोपात आहे की ते हल्ली तुझ्याकडे पाहत नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडून असतात. ते याच प्रश्नापाशी अडकले आहेत. म्हणून त्यांच्या शेजारी बस आणि एवढं मोठ्याने वाच. मकरंदराव, तो व्हिडिओ पुसण्याआधी मी एकदा नीट पाहिला, आवाज लावून. सगळे हसत होते, म्हणून तुमचं बोलणं कुणाला ऐकू आलं नाही. तुम्ही अंगणातल्या एकेका माणसाजवळ जात होता, त्याचा हात धरत होता, आणि प्रत्येकाला एकच विचारत होता. "आमची मुग्धा जेवली का?"

तुझीच,
बकुळाआत्या